वाळवी न लागलेलं कार्ड

ही घटना मला मुद्दाम आठवावी लागत नाही. माझ्या लिहिण्याच्या टेबलावर काच आहे, काचेखाली एक पिवळट कार्ड आहे, आणि रोज सकाळी चहाचा कप त्याच्या शेजारी टेकतो. कार्डावर एका बाईचं नाव आहे, माझ्या अक्षरात. ते नाव मी इथे लिहिणार नाही. या लेखात कोणाचंच नाव येणार नाही; जिने गुन्हा केला तिचंही नाही आणि जिने काही केलं नव्हतं तिचंही नाही.

लिहायला बसण्याचं कारण वेगळं आहे. काही महिन्यांपूर्वी अमरावतीला एका शोकसभेला गेलो होतो. गेली ती माझ्या हाताखाली अकोल्याला काम केलेली उपनिरीक्षक. वय पस्तिशीच्या आत. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं संपलं. सभागृहात बसायला जागा नव्हती. बंदोबस्तावरून तसेच आलेले शिपाई भिंतीला टेकून उभे होते. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिची हुशारी, तिचा कामाचा उरक, असं सगळं मी बोललो. खाली बसलो, रुमाल काढला, आणि डोळे पुसता पुसता मनात आलं, माझ्या वेळी एवढी माणसं येणार नाहीत.

गेलेल्या मुलीचाही मला हेवा वाटला. तो हेवा जुना होता, म्हणून मी त्याला लगेच ओळखलं. ही त्याचीच हकीकत आहे.

मी पोलिसात गेलो तो नोकरी हवी म्हणून. मन पुस्तकात होतं. कॉलेजात असताना गावच्या वाचनालयात दोन वर्षं अर्धवेळ काम केलं होतं, पुस्तकांची कार्डं लावायचं. ती सवय खाकी वर्दीतही सुटली नाही. पहिल्याच पोलीस ठाण्यात एक गोष्ट लक्षात आली. फिर्यादीत, जबाबात, वॉरंटात नावं असतात आणि आपण धरून चालतो की नाव म्हणजे माणूस. तसं नसतं. आमच्या वऱ्हाडात एकेका गावात एकाच आडनावाची तीस-चाळीस घरं असतात, आणि आजोबा वारले की त्यांचं नाव सगळ्या भावांच्या घरी एकेका नातवाला जातं. वॉरंट घेऊन गेलेला शिपाई पारावर विचारतो, अमका कुठे राहतो. पारावरची माणसं विचारतात, "कोणता जी?"

तो 'कोणता' माझ्या आयुष्याचा विषय झाला. मी माणसांची कार्डं करू लागलो. नाव, बापाचं नाव, आईचं माहेर, उर्फ, दात, चाल, कोणाकडे जेवायला जातो. सगळ्यात खाली एक ओळ ठरलेली: 'याच नावाचे इतर.' सबंध नोकरीत सोळा खण भरले. कपाट सागवानी, मी माझ्या खर्चाने करून घेतलेलं. बदली झाली की ते टेम्पोतून माझ्यामागे यायचं. अमरावती, अचलपूर, मूर्तिजापूर, अकोला.

सोळावा खण बायकांचा होता. ते काम सगळ्यात किचकट. आमच्याकडे अजूनही अनेक घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो, सगळे वाकून बघतात, हसतात, आणि त्या दिवसापासून कागदोपत्री एक बाई संपते आणि दुसरी सुरू होते. माहेरच्या ठाण्यातली नोंद सासरच्या ठाण्याला सापडत नाही. म्हणून बायकांच्या कार्डावर मी दोन्ही नावं लिहायचो. वर सासरचं, खाली माहेरचं, मध्ये एक रेघ.

यामुळे माझा फोन वाजायचा. यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, कुठूनही. "साहेब, या नावाचा एक सापडलाय. आपला कोणता हा?" मी दोन मिनिटं मागायचो, कपाटाशी जायचो, सांगायचो. बायको म्हणायची, "तुमाले पगारापेक्षा त्या फोनचं कवतिक." खरं होतं ते.

स्थानिक गुन्हे शाखेत मी निरीक्षक असताना ती उपनिरीक्षक रुजू झाली. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, वडील गँगमन. कॉम्प्युटरची पदवी घेऊन खात्यात आली होती आणि बोलायची अस्सल वऱ्हाडी, पोलीस अधीक्षकांसमोरही. अधीक्षकांनी तिला काम दिलं, जिल्ह्यातल्या सगळ्या नोंदी एका जाळ्यात आणायच्या. जाळं म्हणजे पडद्यावर प्रत्येक माणसाचा एक ठिपका, आणि ठिपक्यातून निघालेल्या रेघा: फोन, गाडी, पत्ता, गुन्हा, नातं. एका ठिपक्यावर बोट ठेवलं की त्याचे सगळे धागे उजळायचे.

पहिल्याच आठवड्यात ती माझ्या खोलीत आली.

"सर, रेघा मारनं सोपं हाय. ठिपका कोणाचा, हे ठरवनं कठीण हाय. दोन चुका होतात. दोन मानसं एकाच ठिपक्यात घुसतात, नाईतर एकाच मानसाचे दोन ठिपके होतात. मशीनले कसं कळन?"

जे काम मी इतकी वर्षं एकट्याने, कोणाला न सांगता करत होतो, ते या मुलीने उभ्या उभ्या चार-पाच वाक्यांत मांडलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, कोणीतरी माझ्या घरात शिरून दिवा लावला.

"तुमचे कार्डं मले द्या ना सर. सोळाचे सोळा खण. मी सोता टाइप करते."

मी दिले. पंधरा. सोळाव्याबद्दल म्हणालो, "तो राहू द्या. त्याला वाळवी लागली."

"बाप्पा! पूर्ण?"

"पूर्ण."

सागवानाला वाळवी लागत नाही असं नाही. पण माझ्या कपाटाला लागली नव्हती.

तीन महिन्यांत माझा फोन थांबला. आता शिपाई तिच्या टेबलाभोवती उभे राहायचे. "मॅडम, आपला कोणता हा?" ती चहाचा घोट घेईपर्यंत उत्तर द्यायची. आमचा एक जुना हवालदार, जिभेला हाड नसलेला, एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, तुमचा फोन बंद पडला का? लाइनवाल्याले बलावू?" सगळे हसले. मीही हसलो. घरी गेल्यावर सोळावा खण उघडून बसलो आणि एकेक कार्ड फडक्याने पुसलं. पुसायची काही गरज नव्हती.

त्या लग्नसराईत मंगल कार्यालयांतून चोऱ्या सुरू झाल्या. अकोला शहरात तीन, बडनेऱ्याच्या बाजूला दोन. पद्धत एकच. चांगल्या साडीतली एक बाई बायकांत मिसळायची, रुखवत बघायची, नवरीच्या खोलीत जाऊन कोणाच्या निऱ्या सारख्या करायची, आणि दागिन्यांची पिशवी घेऊन जायची. वधूकडच्यांना वाटायचं ती वराकडची, वराकडच्यांना वाटायचं ती वधूकडची. लग्नात अनोळखी बाईला कोणी 'तुम्ही कोण' असं विचारत नाही. विचारलं तर मानपानाचा प्रश्न होतो. चोराला यापेक्षा सुरक्षित जागा नाही. कॅमेऱ्यात तिचा पदर दिसत होता, चेहरा नाही.

पहिली खबर आली ती एका बांगडीवाल्याकडून. बडनेऱ्याचे हे चाचा, साठीच्या पुढचे, लग्नघरी जाऊन सगळ्या बायकांना हिरवा चुडा भरायचे. खांद्यावरची पेटी खाली ठेवून ते माझ्यासमोर बसले. उपनिरीक्षकही होती.

"साहेब, अकोल्याच्या लग्नात एका बाईले चुडा भरला. नवरदेवाची मावशी म्हने. महिन्याआधी बडनेऱ्यात तेच हाथ भरला होता. तवा ते नवरीची काकू होती."

"चेहरा ओळखाल?" मी विचारलं.

चाचांनी कानाला हात लावला. "तौबा. बायकाईच्या चेहऱ्याकडे पाह्यलं त धंदा बंद होईन माहा. मी हाथ पाहतो. तोबी डोळ्यानं नाई. हातात घेतला, दाबला, की समजते. नाम क्या, किसकी कौन, अपने को क्या करना?"

उपनिरीक्षक हसली. "चाचा, तुमचं जाळं माह्यापेक्षा भारी हाय."

जबाब नोंदवला, स्टेशन डायरीत नोंद केली. पण हातावरून शोध कुठून सुरू करायचा? दोन दिवसांनी धागा मिळाला. एका ऑटोवाल्याने सांगितलं की कार्यालयाच्या मागच्या फाटकाशी ये म्हणून एका बाईने त्याला फोन केला होता. तो नंबर काढला. सिमकार्ड एका विवाहित बाईच्या नावावर होतं: पहिलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. पत्ता अर्धवट.

उपनिरीक्षकाने नाव जाळ्यात टाकलं. मी तिच्या खुर्चीमागे उभा होतो. एक ठिपका उजळला. त्याच्या एका बाजूला अमरावतीचा चोरीचा जुना गुन्हा, आरोपी फरार. दुसऱ्या बाजूला जठारपेठेतला पत्ता, व्यवसाय शिवणकाम. आणि त्या पत्त्यावरच्या फोनवरून, ज्या पाच घरी चोरी झाली त्यातल्या तीन नवऱ्या मुलींना वारंवार फोन. रेघ हिरवी झाली. हिरवी म्हणजे जाळ्याची खात्री.

मी ते नाव वाचलं. तेच नाव सोळाव्या खणात, अमरावतीच्या त्या फरार बाईच्या कार्डावर होतं, आणि त्या कार्डाची शेवटची ओळ मला पाठ होती: 'याच नावाची दुसरी: जठारपेठ, ब्लाउज शिवते. चौकशी केली. हिचा गुन्ह्याशी संबंध नाही.' बरीच वर्षं आधी मी स्वतः जठारपेठेत फिरून ही ओळ लिहिली होती. नवऱ्यांचीही नावं सारखी, आडनाव सारखं. आमच्याकडे हे नवलाचं नाही. जाळ्याने दोन बायका एका ठिपक्यात कोंबल्या होत्या. आणि लग्नाच्या ब्लाउजांची मापं घेणारी बाई नवरीला फोन करणारच.

'मॅडम, थांबा' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द.

मी म्हणालो नाही. सोमवारी अधीक्षक जाळं पाहायला येणार होते, शेजारच्या जिल्ह्यांचे अधिकारी येणार होते. त्यांच्यासमोर हे तोंडघशी पडू दे, असं मला वाटलं. त्या वेळी इतक्या स्वच्छ शब्दांत वाटलं नाही. त्या वेळी मी स्वतःला म्हणालो, कार्ड जुनं आहे, आधी नीट खात्री करू. पोलिसात 'खात्री करू' या दोन शब्दांमागे किती काही लपवता येतं, ते मी इतरांच्या बाबतीत अनेकदा पाहिलं होतं.

गुरुवारी सकाळी महिला शिपाई जठारपेठेतून तिला घेऊन आल्या. ती ब्लाउज कापत होती. गळ्यात मापाची टेप तशीच होती. कोर्टाने शनिवारपर्यंत पोलीस कोठडी दिली. माझ्या खोलीत, दार उघडं ठेवून, महिला शिपायासमोर विचारपूस सुरू झाली. प्रश्न उपनिरीक्षक विचारत होती.

"हे नाव तुमचंच?"

"हो जी. माहंच हाय."

"हा फोन नंबर?"

"नाई जी. माहा एकच नंबर हाय. दुकानाच्या पाटीवर लिवला हाय, साऱ्या जठारपेठेले ठावा हाय."

"या तीन मुलींना ओळखता?"

"त ओळखीन नाई? मापं घेतले त्याईचे. एकीचे त तीनदा. ते सारखी बारीक होऊन राहिली होती."

महिला शिपायाला हसू आलं. तिने तोंड फिरवलं.

"अमरावतीचा गुन्हा?"

"अमरावतीले मी दोनदा गेली, देवीच्या दर्शनाले. तो गुन्हा हाय का?" मग ती माझ्याकडे वळली. "सायेब, तुमी काहून बोलत नाई? तुमी मोठे दिसता. याईले सांगा ना. शनिवारी माह्या पोरीचं साक्षगंध हाय. पावने मूर्तिजापूरहून येऊन राहिले. मी घरी नाई दिसली त काय म्हनतीन?"

मी म्हणालो, "डावा हात दाखवा."

तिने हात पुढे केला. बोटांच्या टोकांना सुया टोचून टोचून कातडी जाड झालेली.

"अंगठा तळहातात मुडपा."

तिने मुडपला. पूर्ण, सहज. माझ्या कार्डावर लिहिलं होतं: 'डाव्या अंगठ्याचं मूळ लहानपणी मोडलेलं, अंगठा आत मुडपत नाही.' आता खात्री करायलाही काही उरलं नव्हतं.

उपनिरीक्षक माझ्याकडे पाहत होती. "सर, हे काहून पाह्यलं?"

"असंच," मी म्हणालो.

बाहेर व्हरांड्यात ती माझ्यामागे आली. "सर, माह्या मनाले पटून नाई राहिलं. जाळं म्हनते हीच, पन ही बाई तशी नाई. तुमच्या त्या खनात हिचं कार्ड होतं का हो?"

"असेल," मी म्हणालो. "वाळवी लागली ना."

पहिल्यांदा मी हेव्यापोटी खोटं बोललो होतो. या वेळी पहिलं खोटं सांभाळायला बोललो, आणि हे जास्त सोपं गेलं.

शुक्रवारी त्या बाईची मुलगी जेवणाचा डबा घेऊन ठाण्यावर आली. बी.कॉम. झालेली, शांत मुलगी. ठाणे अंमलदाराने डबा तपासून घेतला. ती टेबलाची कड धरून उभी राहिली आणि म्हणाली, "काका, आईले एक सांगू नका. पावन्याईनं नाई म्हनून निरोप पाठवला. त्याईनं म्हटलं, पोलिसाचं लफडं असलेल्या घरात आमाले सोयरीक नाई करायची." अंमलदाराने मान हलवली. मी दारात उभा होतो. मुलीने मला पाहिलं, साहेब म्हणून किंचित मान लववली आणि गेली. मी खोलीत येऊन एका फायलीवर सही केली. कोणत्या, ते आठवत नाही.

शनिवारी सकाळी उपनिरीक्षकाने बडनेऱ्याहून चाचांना बोलावून घेतलं. कायद्यातली ओळख परेड दंडाधिकाऱ्यांसमोर होते. ही ती नव्हती, आणि तिने तसं कुठे लिहिलंही नाही. तिला स्वतःला कळायला हवं होतं. चाचा जमिनीवर पेटी उघडून बसले. जठारपेठची बाई समोर बसली आणि रडू लागली. हिरव्या बांगड्या पाहून तिला आजचा दिवस, मुलीच्या साखरपुड्याचा, आठवला असणार.

"रो मत बेटी," चाचा म्हणाले. "हाथ ढिल्ला सोड. काच फुटन."

त्यांनी तिचा डावा हात हातात घेतला, दाबला, चार बांगड्या चढवल्या. क्षणभरही लागला नाही. "हे नाई, मॅडम. हे त सुईवाला हाथ हाय, नरम. त्या बाईचा अंगठाच अंदर जात नव्हता. एक नंबर मोठी चढवली, तवा गेली."

उपनिरीक्षक चाचांकडे पाहत होती. मग तिने हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला 'अंगठा मुडपा' आठवलं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं.

"सर," ती म्हणाली.

मी घरी गेलो आणि सोळावा खण मांडीवर ठेवून जीपमधून घेऊन आलो. कार्ड काढून तिच्यासमोर ठेवलं. तिने ते उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, उलटून पाहिलं.

"वाळवीनं हे कार्ड बरं सोडलं, सर."

खोलीत दोन शिपाई होते. त्यांना त्यात काही वाटलं नाही. तिने कार्ड वाचलं, अंगठ्याच्या ओळीवर थोडं थांबली, शेवटच्या ओळीवर जास्त थांबली. मग रेघेखालचं माहेरचं नाव जाळ्यात टाकलं. गुरुकुंज मोझरीच्या अलीकडच्या एका गावात एक ठिपका उजळला. त्याला ना गुन्हा, ना नवरा. एक रेशनकार्ड आणि एक घर. तिने दोन ठिपके जोडले आणि जठारपेठचा ठिपका वेगळा काढला. दोन मिनिटांचं काम होतं. मी त्यासाठी तीन दिवस घेतले होते.

कोर्टात अहवाल देऊन जठारपेठच्या बाईला त्याच संध्याकाळी सोडलं. ती गेली तेव्हा हातात चाचांच्या बांगड्या होत्या.

रविवारी मोझरीजवळच्या त्या गावात आम्ही खऱ्या आरोपीच्या दारात उभे होतो. मी तिला सासरच्या नावाने हाक मारली. ती उंबऱ्यात येऊन म्हणाली, "ते बाई मेली. नवऱ्यानं मले टाकलं, मी त्याचं नाव टाकलं. तुमी कोनाले शोधून राहिले?" दागिने तुरीच्या कणगीत सापडले. पंचनामा होत असताना तिने पाणी दिलं. तांब्या धरताना डावा अंगठा ताठच राहिला. नाव तिने टाकलं होतं, पण सिमकार्ड टाकायचं राहून गेलं होतं.

सोमवारी अधीक्षक आले. सगळ्यांसमोर त्यांनी माझं कार्ड हातात धरलं आणि म्हणाले, यंत्र चुकलं, पण आपला जुना अधिकारी चुकला नाही. टाळ्या झाल्या. मी उभा राहिलो, खाली बसलो. ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर झुरत होतो ती मला मिळाली होती, आणि ती घेताना मला संकोच वाटला नाही, हे मला लिहिलं पाहिजे. पुढे प्रशंसापत्र आलं. उपनिरीक्षकाला चुकीच्या अटकेबद्दल कारणे दाखवा नोटीस निघाली. तिचं उत्तर माझ्यामार्फतच वर जायचं होतं, म्हणून मी ते वाचलं. त्यात एक वाक्य होतं: 'संबंधित जुनी नोंद त्या वेळी उपलब्ध नव्हती.' का नव्हती, ते लिहिलेलं नव्हतं. मी त्यावर 'सविनय सादर' लिहून सही केली.

तिची वेतनवाढ रोखली गेली आणि बदली अमरावतीला झाली. जायच्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. "सर, सोळावा खन टाइप करायचा राह्यला." मी दिला. महिन्याने तो परत आला, एकेक कार्ड जागच्या जागी. नंतर कळलं की तिने जाळ्यात दोन बदल केले. बाईच्या ठिपक्याला माहेरची बाजू विचारल्याशिवाय रेघ हिरवी होत नाही. आणि प्रत्येक रेघेसोबत लिहावं लागतं की ही माहिती कोणाला होती आणि त्याने ती कधी सांगितली. हा दुसरा बदल तिने कोणावरून केला, हे जिल्ह्यात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. आता मला एकट्याला आहे.

तपासात मी नेहमी समजायचो की दोन माणसांची गल्लत अज्ञानातून होते. या प्रकरणात अज्ञान नव्हतं. ज्ञान होतं, सागवानी कपाटात, माझ्या अक्षरात, आणि मी त्याच्यावर बसून होतो. जाळ्याला हेवा वाटत नाही. चूक दाखवली की ते दुरुस्त होतं. हे लिहितानाही मला त्याचा थोडा हेवा वाटतो आहे.

शोकसभेहून परतल्यावर आठवडाभर मी पुस्तक हातात धरून बसायचो आणि पान उलटायचं राहून जायचं. तिला सांगायचं राहिलं होतं, आणि ते आता राहिलंच. मग एका दुपारी जठारपेठेत गेलो. दुकान तेच, पाटीवर तोच एक नंबर. बाई मशीनवर बसली होती; केस पांढरे झालेले. तिने मला ओळखलं नाही.

"काय पायजे जी?"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. खण, वाळवी, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मुलीचा निरोप मी दारातून ऐकला, तेही. मशीन मध्ये थांबलं नाही. एक शिवण संपली, तिने दोरा दाताने तोडला, दुसरी बाही लावायला घेतली. बोलून झालं तेव्हा तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"म्हंजे तुमाले गुरुवारीच मालूम होतं."

"हो."

"मी त मॅडमचाच राग करत होती इतके वर्सं. त्या दोनदा येऊन गेल्या इथं. माफी मांगली. मी पानीबी नाई देलं."

मला हे माहीत नव्हतं.

"पोरगी नागपूरले नोकरी करते," ती म्हणाली. "लग्नाचं नाव काढू देत नाई." मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचं नाव काय?"

मी सांगितलं.

तिने मापाची वही उघडली, कोरं पान काढलं, पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. "लिवून द्या. पूर्ण. बापाचं नाव, गाव, साऱ्याच गोष्टी. याच नावाचा दुसरा कोनी असन, त्याचा मी उगाच राग करीन."

मी स्टुलावर बसलो. माझं नाव लिहिलं, वडिलांचं नाव, आडनाव, मूळ गाव, आईचं माहेर, हुद्दा, अकोल्यात कधी ते कधीपर्यंत होतो ती वर्षं. ओळखीची खूण म्हणून उजव्या भुवईवरचा व्रण. आयुष्यभर इतरांची केली तसंच कार्ड, त्याच क्रमाने. शेवटी सवयीने एक ओळ लिहिली, 'याच नावाचे इतर', आणि तिच्यापुढे आठवून आठवून लिहिलं: मूर्तिजापूरला एक शिक्षक, अचलपूरला एक किराणा दुकानदार. त्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही.

तिने ते पान वाचलं, वही मिटली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.